शेवट कुणी सांगायचा नाही

मी रागीट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या गावात कुणालाही माझ्याबद्दल विचारलंत तर तो म्हणेल, "कोण, दूध केंद्रावरचे तपासनीस? जपून हं!" लोक असं म्हणतात याचा मात्र मला भयंकर राग येतो.

माझं काम दूध तपासण्याचं. सकाळी केंद्रावर रांग लागते, एकेक जण कॅन पुढे करतो, मी त्यातलं दूध काढून लॅक्टोमीटर सोडतो, तो तरंगतो, मी आकडा बघतो. हे सगळं लोकांच्या समाधानासाठी. खरं म्हणजे मला आकडा बघावाच लागत नाही. ज्यानं पाणी घातलेलं असतं तो कॅनकडे बघतो आणि ज्यानं घातलेलं नसतं तो घड्याळाकडे बघतो. मी चेहरा वाचून "पाणी" म्हणतो आणि तो माणूस मुकाट्यानं कॅन उचलून घरी जातो. आजवर एकानंही उलट विचारलं नव्हतं. तपासनिसाकडे दुसरं असतं काय? खुर्चीचा एक पाय आखूड, पंखा नेमका उन्हाळ्यात बंद. एक शब्द तेवढा असतो. तो गेला की लॅक्टोमीटर म्हणजे नुसती काचेची नळी. माझा तो शब्द एका कादंबरीपायी पणाला लागला आणि त्याचं पुढे काय झालं हे सांगताना आत्तासुद्धा माझ्या कपाळाची शीर उडते आहे.

कादंबरीचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही ती कुठून तरी पैदा कराल, आधी शेवटचं पान उघडाल आणि मला रस्त्यात गाठून म्हणाल, "अहो, खुनी तो नव्हेच!" माणसांचा मला अनुभव आहे.

तर केंद्राचं यंत्र दुरुस्तीला घेऊन मी शहरात गेलो होतो. तिथे पदपथावरच्या जुन्या पुस्तकांत ती सापडली. पाठीमागचं पान वाचलं आणि घेतली. एका लहानशा गावात टपालमास्तर आपल्याच कचेरीत मरून पडलेला सापडतो. दाराला आतून कडी. शहरातून इन्स्पेक्टर येतो आणि सगळ्यांना प्रश्न विचारत सुटतो. मयताचा एक पुतण्या असतो, तो पिवळे बूट घालतो. एक डॉक्टर असतो, तो सारखा हात धुतो. एक माळी असतो, तो बोलतच नाही. आणि खुनाचा छडा कोण लावणार? तर समोरच्या घरात खिडकीशी बसून लोकांचे कपडे शिवणारी एक बाई! ही कल्पना मला पहिल्यापासून पटली नव्हती. खुनाचा छडा लावायला चेहरे वाचता यावे लागतात, बाह्या बेतून छडा लागत नसतो. पण गोष्ट मात्र अशी, की शहरातल्या बसमध्ये पहिलं पान उलटलं आणि माझी उतरायची जागा निघून गेली.

माझी चूक एकच झाली. मी ती परतीच्या बसमध्ये वाचत बसलो, आणि बसमध्ये आमचं गाव होतं.

माझ्या शेजारी हेडमास्तर होते. निवृत्त आहेत, पण गाव अजून त्यांना हेडमास्तरच म्हणतं. ते माझे मित्र, म्हणजे रोज संध्याकाळी आम्ही दोघं पुलापर्यंत फिरायला जातो आणि येताना भांडतो. ते माझ्या खांद्यावरून वाचू लागले आणि माझं पान संपायच्या आत "हं, उलटा" म्हणू लागले. मागच्या बाकावर दवाखान्यातले कंपाउंडर होते, ते उभे राहून वाचू लागले. पुढच्या बाकावरच्या सलूनवाल्यानं तर वळून विचारलं, "साहेब, मोठ्यानं वाचता का? मला उलटं दिसतंय." बस गावात पोचेपर्यंत माझ्या पुस्तकाला तीन वारस झाले होते.

मी म्हटलं, आधी मी वाचतो, मग बघू. यावर मास्तर म्हणाले, "मालकानं आधी पंगतीत बसणं शोभतं का?" आता यात न शोभण्यासारखं काय आहे? माझं पुस्तक, माझे डोळे! पण मास्तर एकदा का शोभण्यावर घसरले की समोरच्याचं तोंड बंद होतं. शिवाय प्रत दुसरी मिळेना. मग पुढचे दोन दिवस सल्ले. सलूनवाला म्हणाला, त्याच्या दुकानात पुस्तक साखळीनं बांधून ठेवावं आणि गिऱ्हाइकांनी पाळीपाळीनं वाचावं. मास्तर म्हणाले, ते एकटे वाचतील आणि आम्हाला सारांश सांगतील. शेवटी कंपाउंडरांनी उपाय काढला. "पुड्या करा," ते म्हणाले. "एवढा मोठा डोस एकाच्या घशात कशाला? सात पुड्या करू. एकाची पहिली संपली की ती दुसऱ्याकडे, तोवर त्यानं दुसरी उघडायची. सगळ्यांना चालू राहील."

म्हणजे माझं पुस्तक फाडायचं! मी ओरडलो. मास्तर म्हणाले, "फाडायचं कुठे? बाइंडरकडून रीतसर उसवून घ्यायचं, प्रत्येक भागाला पुठ्ठा. शाळेत आम्ही नकाशांचं असंच करायचो." नकाशा आणि खून यांत काही फरक आहे की नाही? पण तिघं एका बाजूला झाले, आणि मी एकटा पडलो की भलताच उदार होतो. हा माझा जुना रोग आहे.

क्रम ठरला. पहिले मास्तर, मग कंपाउंडर, मग सलूनवाला, आणि ज्याचं पुस्तक तो सगळ्यांत शेवटी. बायकोचं नाव रांगेत घालायचं कुणाला सुचलं नाही आणि तीही काही बोलली नाही. बाइंडरकडे जायच्या आधी पुस्तक आमच्या घरात कपाटावर पडून होतं. ती त्यावर फडकं मारताना मला दिसली होती, बस, तेवढंच.

आता माझी मुख्य भीती वेगळीच होती. मी शेवटचा. माझ्याआधी तिघांना खुनी कळणार, त्यातला एक सलून चालवणार! म्हणून मी सगळ्यांना सलूनमध्ये गोळा करून नियम घालून दिला. "शेवट कुणी सांगायचा नाही. शेवटच काय, या पुस्तकाबद्दल कुणी कुणाशी चकार शब्द काढायचा नाही. आपापसातसुद्धा नाही. जो काढील त्याच्याशी माझं बोलणं बंद." तिघांनी शब्द दिला. घरी येऊन मी बायकोलाही बजावलं, "या पुस्तकाबद्दल बाहेरून काहीही कानावर आलं तरी माझ्यापर्यंत आणायचं नाही." ती "बरं" म्हणाली. तिच्या "बरं" म्हणण्यात एक सूर असतो. त्याचाही मला राग येतो.

बाइंडरनं काम लवकर केलं. सकाळी केंद्रावर रांग ऐन भरात असताना तो गठ्ठा घेऊन आला. तेव्हा माझी एका दूधवाल्याशी जुंपली होती. जुंपली होती म्हणजे मी बोलत होतो आणि तो कॅनकडे बघत होता.

"साहेब, एक सांगायचं होतं..." बाइंडर म्हणाला.

"नंतर!"

"या गठ्ठ्यात..."

"ठेव म्हटलं ना तिथे! दिसत नाही का काम चाललंय?"

त्यानं ठेवला आणि गेला. मी दुपारी तो न सोडता, आहे तसा मास्तरांच्या हातात दिला. गाठ सोडली असती तर माझा एखादा डोळा पानावर पडला असता आणि क्रम मोडला असता. एवढा मी नियमाचा पक्का.

संध्याकाळी घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, बाइंडर येऊन गेला. तो मुलीकडे गावाला निघाला होता, जाता जाता त्यानं..."

"पुस्तकाबद्दल आहे का?"

"हो, तो म्हणाला, शेवटचा..."

शेवटचा! मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठ्यानं गुणगुणायला लागलो. बाइंडरनं बांधता बांधता वाचलं असणार आणि जाता जाता खुन्याचं नाव पेरून गेला असणार. बायकोनं खांदे उडवले. मग आत गेली.

त्यानंतर कधीतरी जेवताना तिनं पुन्हा विषय काढला. "अहो, ते कपाटातलं..." म्हणाली. मी विचारलं, "पुस्तकाचं का?" तिनं मान हलवली. मी ताटावरून उठलो. अर्ध्या जेवणावरून उठलेला माणूस काय चिडतो हे तिला ठाऊक आहे, तरीही आठवड्यानं तिनं तिसऱ्यांदा तेच केलं, तेही मी दाढी करत असताना. साबण कानात गेला. "तुला एकदा सांगितलेलं कळत नाही का?" मी विचारलं. ती म्हणाली, "कळलं." आणि खरंच, त्यानंतर ती या विषयावर एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, चला, जिंकलो.

भाग फिरू लागले. माझ्याकडे पहिला आला, दुसरा आला. दुसऱ्यातच मी खुनी ओळखला. पुतण्या! जो माणूस काकाच्या अंत्ययात्रेला पिवळे बूट घालून येतो त्याच्याबद्दल आणखी पुरावा काय हवा? नियमामुळे कुणाला नाव सांगता येईना, पण मी केंद्रावर एवढं जाहीर केलं की, खुनी मला कळलाय, त्या शिवणाऱ्या बाईला कळायच्या कितीतरी आधी.

मास्तरांचं पुस्तक संपलं तेव्हा मात्र काहीतरी बिनसलं. पुलाकडे जाताना ते खाली बघून चालत होते.

"संपलं वाटतं?" मी विचारलं.

"संपलं."

"सांगू नका! फक्त एवढंच, शेवट चांगला आहे ना?"

"शेवट..." मास्तरांनी घसा खाकरला. "फारच अनपेक्षित."

आणि स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. पाणी घातलेल्या माणसाचा चेहरा मला काय नवा आहे? पण विचारायची सोय नव्हती. मग कंपाउंडरांचं संपलं. मी खोकल्याचं औषध आणायला गेलो तर म्हणाले, "शेवट वाचून सुन्न झालो हो," आणि मला पोटदुखीच्या गोळ्या बांधून दिल्या. सलूनवाला म्हणाला, "साहेब, शेवटाला तोड नाही," आणि माझ्या गालाला वस्तरा लावला. तिघंही माझी नजर चुकवू लागले. सलूनवाला तर दिवसाढवळ्या दुकानातला केसांचा ढीग उपसून त्यात काहीतरी शोधताना मला दिसला.

अखेर सहावा भाग माझ्या हाती आला. डॉक्टर, पुतण्या, माळी, इन्स्पेक्टर, सगळे टपाल कचेरीत जमलेले. शिवणारी बाई कोपऱ्यात. ती दातानं दोरा तोडते आणि म्हणते, "इन्स्पेक्टर, दार लावून घ्या. खुनी याच खोलीत बसला आहे." इथे सहावा भाग संपला.

मी चप्पल न घालता सलूनमध्ये गेलो. "सातवा!"

"दिला की."

"कुणाला?"

"तुम्हालाच... नाही दिला? मग द्यायचा राहिला असेल. बघतो. सापडेल."

सापडेल म्हणजे काय? मी कंपाउंडरांकडे गेलो. त्यांनी सलूनकडे बोट दाखवलं आणि लगेच दवाखान्याचं दार लावून घेतलं. मास्तरांकडे गेलो तर सूनबाई म्हणाल्या, "बाबा झोपलेत." दिवेलागणीला! बाइंडरच्या दुकानाला तर कधीपासून कुलूप. मुलीकडे गेलेला तो तिकडचाच झाला होता.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. प्रकाशकाला पत्र लिहिलं की, पुस्तकाचा शेवट नाही, पाठवा. त्यांचं उत्तर आलं, 'सदर पुस्तक आता छापले जात नाही. शिल्लक प्रतींतून सदोष प्रत बदलून मिळेल, मात्र परत पाठवताना ती संपूर्ण असावी.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. संपूर्ण असती तर मी तुम्हाला कशाला पत्र लिहिलं असतं, शहाण्यांनो? ते पत्र मी फाडणार होतो, पण घरात आणखी एक फाटका कागद नको म्हणून ठेवून दिलं.

मग चौकीवर गेलो. हवालदार एकटेच होते.

"काय चोरीला गेलं?"

"पुस्तकाचा शेवट."

"पुस्तक गेलं?"

"पुस्तक आहे. शेवट गेला."

हवालदारांनी टोपी काढली. "अर्धी वस्तू चोरीला जात नसते, साहेब. सायकलचं चाक गेलं तर चाकाची चोरी लिहितो. शेवटाचं मी काय लिहू? त्याला नग म्हणायचं का?"

"काहीही म्हणा, पण चोर पकडा!"

"आधी हकीकत सांगा."

मी सांगितली. टपालमास्तर, कडी, पिवळे बूट, सगळी. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मग खुनी कोण?"

"तेच तर सातव्या भागात आहे!"

"पुतण्या नसणार," हवालदार म्हणाले. "पिवळे बूट घालून कोण खून करायला जातो? लांबून दिसतात. तो हात धुणारा डॉक्टर बघा. हे सहा भाग इथे राहू द्या. मुद्देमाल आहे."

आणि माझ्या पुस्तकाचे उरलेले सहा भागही त्यांनी टेबलाच्या खणात टाकले. तक्रार करायला जाताना माझ्याकडे सहा भाग होते, येताना एकही नव्हता. चोर तरी एकच भाग नेऊन थांबला होता. मी दुसऱ्या दिवशी मागायला गेलो तर म्हणाले, "तपास चालू आहे. तिसऱ्यात आलोय."

माझा संताप आता अनावर झाला. पुस्तक माझं, उदारपणा माझा, आणि सगळ्या गावाला खुनी माहीत, मी सोडून! मी ठरवलं की, आता रीतसर छडा लावायचा. पुस्तकात होतं तसंच, सगळ्यांना एका खोलीत बसवून. रविवारी सकाळी मी तिघांना घरी बोलावलं. हवालदारांनाही, सहा भागांसकट. ही बातमी हवालदारांनीच फोडली असणार, कारण खिडकीबाहेर पाचसहा दूधवाले येऊन उभे राहिले. माझ्याच केंद्राचे, माझ्याच रांगेतले. मी मनात म्हटलं, उत्तम, बघू दे. चेहरा वाचणं म्हणजे काय ते यांनाही कळू दे.

मी दार लावून घेतलं. बायको आत चहा करत होती.

"सातवा भाग चोरणारा," मी म्हणालो, "याच खोलीत बसला आहे."

हवालदारांनी समाधानानं मान हलवली. मी एकेकाच्या चेहऱ्यासमोरून फिरलो. कंपाउंडर घामाघूम. सलूनवाला नखं खात होता. मास्तर चपलांकडे बघत होते, आणि चपला तर दाराबाहेर काढलेल्या होत्या. म्हणजे ते नुसत्या पायांकडे बघत होते. माझी खात्री पटली.

"मास्तर," मी म्हणालो, "पहिल्यांदा गठ्ठा तुमच्या हातात आला. शेवट वाचून तुमची नियत फिरली. सातवा भाग तुम्ही दाबून ठेवलात. जन्मभर शाळेत नीतीचे धडे दिलेत आणि मित्राच्या पुस्तकावर डल्ला मारता! तुम्ही चोर आहात, मास्तर."

खिडकीबाहेर एक कॅन वाजला. मास्तर हळूहळू उठले.

"मी शाळेतला खडूचा तुकडासुद्धा कधी घरी नेला नाही," ते म्हणाले. "तुम्ही मला चोर म्हणता? तुम्ही? अहो, तो भाग मला कधी मिळालाच नाही! सहावा संपला आणि गठ्ठ्यात सातवा नव्हता. मला वाटलं, माझ्याच घरात हरवला. सुनेला न सांगता गादी उसवली मी. नातवंडांची दप्तरं उपसली. तुमचं पुस्तक माझ्या हातून हरवलं हे कुठल्या तोंडानं सांगू म्हणून गप्प बसलो."

"म्हणजे तुम्हालाही नाही मिळाला?" कंपाउंडर ताडकन उठले. "अहो, मी दवाखान्यातलं कपाट भिंतीपासून ओढलं! माझी कंबर धरली आहे! मला वाटलं, सहाव्याबरोबर सातवाही आला असेल आणि कुणाला तरी चुकून औषध बांधून दिलं त्या पानांत."

"आणि मी केसांत शोधत होतो," सलूनवाला म्हणाला. त्याच्या आवाजात रडू होतं.

"मग शेवट अनपेक्षित आहे असं मला कोण म्हणालं?" मी ओरडलो. "शेवटाला तोड नाही, असं कोण म्हणालं? सुन्न कोण झालं?"

"मग काय म्हणायचं होतं?" आता मास्तरही ओरडले. "आणि आम्ही एकमेकांना विचारायचं तरी कसं? तुम्हीच ना बजावलं होतंत की, आपापसात चकार शब्द काढायचा नाही म्हणून?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते आठवायच्या आत बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रे तिनं टेबलावर ठेवला, प्रत्येकाला कप दिला, आणि काखेत धरलेला पुठ्ठ्याचा एक पातळ भाग काढून आपल्या मांडीवर ठेवून बसली. पुठ्ठ्यावर बाइंडरच्या अक्षरात ठसठशीत सात.

"याच्या पुठ्ठ्याला लावलेली खळ ओली होती," ती म्हणाली. "बाकीचे सहा त्यानं केंद्रावर दिले, आणि हा वाळल्यावर गावाला जाता जाता इथे दिला. तो यांना सांगत होता, यांनी ऐकलं नाही. मग मी सांगायला गेले. पहिल्यांदा यांनी कानांत बोटं घातली. दुसऱ्यांदा ताटावरून उठले. तिसऱ्यांदा तर साबणाचा दोषही माझ्यावर आला. तेव्हा मीही म्हटलं, राहू दे कपाटात."

"अहो पण वहिनी," हवालदार म्हणाले, "हे गावभर हिंडत होते, चौकीवर आले, तेव्हा तरी बोलायचं! का नाही बोललात?"

तिनं हवालदारांपुढे साखर सरकवली. मी हात पुढे केला. "आण इकडे."

तिनं भाग मागे घेतला. "आधी मास्तरांची माफी मागा."

"काय?"

"भरल्या घरात चोर म्हणालात त्यांना. आता भरल्या घरातच मागा. मग पुस्तक."

खिडकीतले दूधवाले आता गजांना नाकं लावून उभे होते. त्यात परवाच मी ज्याचा कॅन परत पाठवला होता तो सगळ्यांत पुढे. आजवर माझा शब्द या माणसांनी कधी परत केलेला नव्हता, आणि आता तो मी त्यांच्यादेखत, माझ्या तोंडानं परत घ्यायचा! मला बायकोचा राग आला, बाइंडरचा आला, खळीचा आला, पुस्तक छापणाऱ्याचा आला. मास्तर उभेच होते. चहाचा कप त्यांनी अजून तोंडाला लावला नव्हता. ते निघून गेले नव्हते. मला आणखी राग यावा म्हणूनच थांबले होते, असं मला त्या वेळी वाटलं.

"चुकलो!" मी ओरडलो.

"हळू बोललात तरी ऐकू येईल," बायको म्हणाली.

"चुकलो, मास्तर," मी म्हणालो. "तुम्ही चोर नाही."

मास्तर खाली बसले. "ठीक आहे," ते म्हणाले. "फिरायला येईन. पण यापुढे माझ्या चेहऱ्याकडे बघायचं नाही."

मी पुन्हा हात पुढे केला. पण तोवर सगळ्यांनी खुर्च्या बायकोकडे वळवल्या होत्या, आणि सलूनवाला म्हणाला, "वहिनी, तुम्हीच वाचा. साहेब चिडलेत, मध्येच थांबतील." कुणी माझ्याकडे बघेना. माझ्याच घरात मला मागे स्टूल मिळालं. बायकोनं पहिलं पान उघडलं, पण बघितलं हवालदारांकडे.

"तुम्ही विचारलंत ना, का नाही बोललात? ऐका," ती म्हणाली आणि वाचायला लागली. "इन्स्पेक्टर चकित होऊन म्हणाले, 'बाई, तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं? मग सांगितलं का नाही?' बाईंनी सुई रिळात टोचली. 'तुम्ही गावात सगळ्यांना विचारलंत,' त्या म्हणाल्या. 'मला फक्त तुमचा कोट कधी मिळेल एवढंच विचारलंत.'"

हवालदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी नाही हसलो. मी विचारलं, "तू हे आधी वाचलं होतंस?"

"पुस्तक बाइंडरकडे जायच्या आधीच, आख्खं," ती पान उलटत म्हणाली. "कपाटावर तर होतं."

म्हणजे एवढे दिवस खुनी माझ्या घरात ठाऊक होता! ती रोज माझ्यासमोर बसून जेवत होती आणि मी पुतण्या पुतण्या म्हणून मनात मांडे खात होतो, तेही बघत होती. पुढचं वाचन मी रागाच्या भरात नीट ऐकलं नाही. खुनी कोण ते मी तुम्हाला सांगणार नाही, नियम तो नियम. पुतण्या नव्हता, एवढंच. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "साहेब तर म्हणाले होते, कळलाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर नेहमीसारखी रांग लागली. पहिलाच माणूस कॅनकडे बघत होता. मी म्हटलं, "पाणी."

तो जागचा हलला नाही. "कशावरून, साहेब?"

आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "तुझ्या चेहऱ्यावरून!" मी म्हणालो.

"काल मास्तरांच्या चेहऱ्यावरूनही तुम्ही काहीतरी म्हणाला होतात," तो म्हणाला. मागची रांग खाकरली. "नळी बघा की. नाहीतर वहिनींना बोलावून आणू का?"

मी चष्मा काढला, पुसला, लावला, लॅक्टोमीटर सोडला आणि आकडा बघितला. पाणी होतंच! मी बरोबर होतो! पण ते मी सांगितलं म्हणून कुणी मानलं नाही, नळीनं सांगितलं म्हणून मानलं. तेव्हापासून रोज प्रत्येक कॅनचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो. रांग दुपारपर्यंत संपत नाही.

त्या दिवशी घरी आलो तो धुमसतच. बायको खिडकीशी काहीतरी निवडत बसली होती. मी समोर बसलो. मनाशी ठरवूनच आलो होतो की, आजपासून 'मला कुणी विचारलं नाही' ही तिची तक्रार ठेवायची नाही. घसा खाकरला आणि म्हटलं, "तुला काय वाटतं?"

तिनं हातातलं काम थांबवलं.

"कशाबद्दल?" तिनं विचारलं.

तेवढा विचार मी केलाच नव्हता.